दोन कोरिया: सुरुवात कुठून झाली तेही पाहा

उत्तर कोरिया पहिल्यापासून कंगाल आणि दक्षिण पहिल्यापासून पुढारलेला, असं बरेचदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. जपानी अमलात जड उद्योग आणि मोठी जलविद्युत केंद्रं उभी राहिली ती मुख्यतः उत्तरेत. दक्षिणेच्या वाट्याला भातशेती. मे १९४८मध्ये उत्तरेने वीज तोडली तेव्हा दक्षिणेचे हाल झाले होते. कोरियन युद्ध थांबवणाऱ्या १९५३च्या शस्त्रसंधीनंतरही बरीच वर्षं उत्तरेचंच पारडं जड होतं. दक्षिणेत लष्करी अधिकारी पार्क चुंग-ही १९६१मध्ये सत्तेवर आला, निर्यातीच्या मागे हात धुऊन लागला, पोहांगचा पोलाद कारखाना १९७३मध्ये सुरू झाला, आणि चित्र पालटलं. (पार्कही हुकूमशहाच होता बरं का! त्यामुळे 'लोकशाहीमुळे प्रगती झाली' म्हणताना जरा सबुरीनं. तिथे राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक परत आली ती १९८७मध्ये.)

सैन्याची नुसती डोकी मोजू नका. उत्तरेचं खडं सैन्य दहा लाखांच्या वर, दक्षिणेचं त्याच्या निम्म्याहूनही कमी. उत्तरेची बरीचशी शस्त्रं जुनाट, हे खरं. पण दक्षिणेची राजधानी सोल सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर, तेवढ्याला जुनी तोफही पुरते. शिवाय २००६पासून अणुचाचण्या आहेतच.

संस्कृतीचं मात्र गंमतीशीर आहे. लिपी एकच, पण तिचा दिवस दक्षिणेत ९ ऑक्टोबरला, उत्तरेत १५ जानेवारीला. दक्षिणेच्या बोलण्यात इंग्रजीची रेलचेल, उत्तरेने ते शब्द खड्यासारखे वेचून काढलेले. सोलला पळून आलेले उत्तरेचे लोक स्वतःच्याच भाषेतल्या पाट्यांपुढे अडखळतात.