एबोनाइटचं पेन शाई ओकतं, निब बदलू का?

दौतवाला, फोंडा:
ड्रॉपरने भरायचं एबोनाइटचं जाड पेन आहे, पोटात 3 मिली शाई मावते. भरल्यावर दोन दिवस सुरेख चालतं. शाई तळाला आली, की पणजीतल्या एसी ऑफिसातून बाहेर येऊन सही करताना निबेखाली टपोरा थेंब! आट्यांतूनही बोटं निळी होतात. निब बदलू का?

टिपकागद:
निब निर्दोष आहे. खोडी पोटातल्या हवेची. शाई संपते तशी तिची जागा हवा घेते. 2 मिली हवा 10 अंशांनी तापली तर साधारण 0.07 मिली फुगते, म्हणजे एक-दीड थेंब शाई बाहेर ढकलते. हवा अर्धा मिलीच असेल तर थेंबाचा तिसरा हिस्सा, तो जिभेच्या (निबेखालच्या, शाई पुरवणाऱ्या पट्टीच्या) खाचा सहज झेलतात. म्हणून एक तृतीयांश शाई संपताच पेन भरा. बाहेर आल्यावर टोपण काढून, निब वर धरून पेन मिनिटभर मुठीत ठेवा. फुगलेली हवा वरून निघून जाते, मग लिहा.

निळीबोटं, म्हापसा:
आट्यांचं दुखणं वेगळं. ते धुऊन पूर्ण कोरडे करा, मोहरीएवढं सिलिकॉन ग्रीस लावा आणि फिरवून पसरा. दुकानात नीट सांगा, नाहीतर सिलिकॉन सीलंट हातात येईल. त्याने पेन कायमचं चिकटेल. जिभेला ग्रीस लागू देऊ नका, तिथे शाई धरत नाही.

टिपकागद:
आणि पावसाळ्यात धुतलेलं पेन उन्हाची तिरीप दिसली म्हणून खिडकीत ठेवू नका! एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन आणि ओल मिळून काळा रंग मातकट तपकिरी करतात. गरम पाण्यानेही तेच. साधं पाणी, मग निब खाली करून रात्रभर कापडावर.

दौतवाला, फोंडा:
ग्रीस लावलं, आटे कोरडे आहेत. पण आता शाई कडेने पसरून अक्षरांना मिशा फुटतात.

निळीबोटं, म्हापसा:
तो कागद सादळलाय. वही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दौतीत पांढरट साय किंवा कुबट वास असेल तर मात्र बुरशी आहे. ती शाई गाळून वापरू नका, फेकाच. पेनातली उरलेली शाई दौतीत परत ओतल्यानेच बुरशी बहुधा शिरते.