मदत हवी आहे : अलिबाग, शनिवार-रविवार, कुलाबा किल्ल्यात चालत जायचंय

मुंबईहून चौघं निघणार, सोबत ६८ वर्षांची आई (गुडघे दुखतात) आणि ९ वर्षांचा मुलगा. किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं असं कळलं. येत्या शनिवारी दशमी आहे, दुपारी दीडच्या सुमारास ओहोटी. वेळ सोयीची वाटते. बुकिंग करून टाकू का?

प्रतिसाद १
थांबा. वेळ सोयीची आहे, पण भांगाचं पाणी आहे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. अष्टमी ते दशमीला समुद्र फार आत जात नाही, मधल्या पट्ट्यात ओहोटीलाही पाणी उरतं. चालायचं तर उधाणाचे दिवस धरा, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीया-चतुर्थीपर्यंत.

हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी आठ-सव्वाआठ. तुमचा पुढच्या आठवड्यातला रविवार नेमका तृतीयेचा येतो. तोच घ्या. हा अंदाज झाला, आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर टांगेवाल्यांना वेळ विचाराच.

साडेसातला निघा, साडेनऊला परत किनाऱ्यावर. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी चढलेलं जाणवतही नाही, तिसऱ्या-चौथ्या तासात ते झपाट्याने चढतं. लोक फसतात ते इथेच.

प्रतिसाद २
आईंना टांग्यातून न्या, पाणी उतरलं की टांगे थेट दरवाज्यापर्यंत जातात. बाकीच्यांनी मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. वाटेतल्या खडकांवर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार, अनवाणी पाय चिरतो. स्लिपर चिखलात रुतून तुटते.

आत गणपती पंचायतनाचं देऊळ (राघोजी आंग्रे यांनी बांधलेलं, १७५९) आणि शेजारचं गोड्या पाण्याचं तळं बघा. चहूबाजूंनी खारं पाणी असताना हे तळं गोडं राहतं, मुलाला जरूर दाखवा. उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. शेजारचा छोटा किल्ला सर्जेकोट वेळ उरली तरच.

प्रतिसाद ३
गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो (गाड्या नेणारी बोट), तासाभरात पोचते. नाहीतर गेटवेहून कॅटामरान, त्याच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते. रविवारी संध्याकाळी मांडव्याला रांग लागते. किल्ला सकाळीच उरकतोय, तेव्हा जेवून दुपारची बोट पकडा.

धागाकर्ता
पुढच्या आठवड्याचं ठरवलं. शनिवारी दुपारी निघतो. टांगेवाल्याशी जाऊन-येऊन आणि आत थांबण्याचे असे एकत्र पैसे ठरवावेत का?

प्रतिसाद २
हो, बसण्याआधीच. परतीची वेळही त्यालाच विचारा आणि तो म्हणेल त्याच्या दहा मिनिटं आधी दरवाज्याशी या.