स्प्लेंडरचा मागचा ब्रेक लागत नाही, गणपतीला कुंभार्ली घाट उतरायचाय. सल्ला हवा

कोयनाकाठ: गाडी 2016 ची स्प्लेंडर प्लस, दोन्हीकडे ड्रम. मागचा ब्रेक कितीही दाबा, गाडी नुसती घरंगळत पुढे जाते. ब्रेक रॉडचा नट आवळला की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मध्यंतरी चेनसेट बदलला, तेव्हापासून जास्त जाणवतंय. गणपतीला पुण्याहून कऱ्हाड-पाटणमार्गे चिपळूणला जायचंय, मागे बायको आणि सामान. बजेट 600 रुपये. काय बघू?

भन्नाट_रायडर: 600 मध्ये काय होतंय भावा? सरळ मागे डिस्क बसवून घे. माझ्या पल्सर 220 ला दोन्हीकडे डिस्क आहे, बोट लावलं की गाडी जागेवर उभी.

शेंगदाणा_लाडू: त्यांची गाडी स्प्लेंडर आहे हो. कॅलिपर, हब, मास्टर सिलेंडर सगळं नवं लागेल, वर आरटीओची कटकट वेगळी. लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) बदला, विषय संपला.

सांगलीचा_मिस्त्री: दादा, आधी एक सांगा. पॅडल खाली जातं का, की पॅडल कडक लागूनही गाडी थांबत नाही? दोन्ही दुखणी वेगळी आहेत. खाली जात असेल तर लायनर झिजलेत किंवा रॉडला ढिलाई जास्त आहे. कडक लागूनही पकड नसेल तर लायनरवर ग्रीस गेलंय किंवा ते काचेसारखे गुळगुळीत झालेत.
ब्रेक प्लेटवर, म्हणजे ड्रमच्या झाकणावर, कॅमपाशी (लायनर ड्रमवर दाबणारा दांडा) छोटा बाण असतो. पॅडल पूर्ण दाबून धरा. बाण प्लेटवरच्या खुणेला टेकला तर लायनर संपले. काही जण नट आवळायला जागा संपली की रॉड जोडलेला आर्म कॅमवर एक दात फिरवून देतात. पॅडल वर येतं, गिऱ्हाईक खूश, पण लायनर तेवढेच झिजलेले. जास्त झिजल्यावर कॅम पालथा पडून चाक जाम होऊ शकतं. म्हणून पॅडलवर नाही, बाणावर विश्वास ठेवा.

कोयनाकाठ: पॅडल कडकच लागतं. बाण खुणेपासून बराच लांब आहे.

सांगलीचा_मिस्त्री: मग चाक खोला. चेनसेट बदलताना चाक उतरवलेलं असतं. ग्रीसच्या हातानेच शू (ज्यावर लायनर चिकटवलेले असतात ते) धरले असतील, नाहीतर कॅमला भरमसाट ग्रीस थापलं असेल. तापलं की ते लायनरवर उतरतं.

जुना_स्वार: मागचा ब्रेक हाच खरा ब्रेक, घाटात पुढच्याला हात लावायचा नाही. वडिलांनी हेच शिकवलं, आजवर कधी पडलो नाही.

घाटवाली_ताई: काका, आदर ठेवून सांगते, हे चुकीचं आहे. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे जास्त थांबवतो तो पुढचाच. ओल्या वळणावर झटका द्यायचा नाही, हे खरं. कुंभार्ली नेहमी उतरते मी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी धरायची, दोन्ही ब्रेक थोडे थोडे. न्यूट्रल करून, मागचा ब्रेक दाबून ठेवून उतरलात तर ड्रम तापतो आणि पकड जाते.

जुना_स्वार: पावसात पुढचा ब्रेक मारून पडलेले कितीतरी पाहिलेत. मी माझं सोडणार नाही.

नवीकोरी: जुनी गाडी विका ना. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सोय) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं. माझ्या गाडीत पाय दाबला की पुढचाही ब्रेक लागतो.

बारामतीकर: लायनर बदला. चाक खोलून ग्रीस बघा.

कोयनाकाठ: खोललं. लायनर जाड आहेत, पण काळेशार, चकाकतायत, एका कडेला ग्रीस चिकटलंय. गॅरेजवाला म्हणतो, पॉलिश पेपर मारतो, 50 रुपयांत काम होईल.

सांगलीचा_मिस्त्री: नुसते गुळगुळीत असते तर पेपर चालला असता. ग्रीस लायनरच्या आत मुरतं, तापलं की पुन्हा वर येतं. नवा ओरिजिनल शू सेट घाला, स्प्रिंगा नव्या टाका, बजेटमध्ये बसेल. ड्रम पेट्रोलच्या फडक्याने पुसा. धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. कॅमला ग्रीस अगदी बोटाच्या टोकाला लागेल एवढंच. आणि ब्रेक प्लेट धरणाऱ्या पट्टीचा नट आणि पिन समोर उभं राहून तपासा. ती सुटली तर प्लेटच फिरते.

भन्नाट_रायडर: एवढ्या खटपटीत डिस्कचा विचार केला असता तर बरं झालं असतं. असो, बिनधास्त जा.

घाटवाली_ताई: हो, जा. पहाटे निघा, पाटणला चहा घ्या.

कोयनाकाठ: नवे शू आणि स्प्रिंगा बसवल्या, पट्टीची पिनही नवी टाकली. पकड सुधारली, पण अजून पूर्ण वाटत नाही. कोऱ्या लायनरवर, पावसात, डबलसीट घाट उतरायला मन घेत नाही. तुम्ही सगळे जा म्हणताय, तरी आम्ही एसटीने चाललोय. स्वारगेटहून दोन सीट मिळाल्या.

भन्नाट_रायडर: मग धागा कशाला काढला?

सांगलीचा_मिस्त्री: ब्रेकसाठी काढला, ब्रेक झाला. दादा, परत आल्यावर रोज थोडी चालवा. लायनर ड्रमला बसले की पॅडल जरा खाली येईल. तेव्हा नट आवळा, टोकाशी दोन-तीन सेंटिमीटर मोकळीक ठेवा आणि चाक हाताने फिरवून बघा, घासता कामा नये.