मदत हवी आहे: क्यू (पूल खेळायची काठी) मागून नेमका कुठे धरायचा?

सरळरेषा: पूल खेळतोय, पण स्ट्रोकचा भरवसा नाही. तोच सरळ शॉट एकदा बसतो, लगेच पुढच्या वेळी पॉकेटच्या तोंडावरून परत येतो. मागचा हात कधी पुढे पडतो, कधी मागे. एक जागा सांगा, उद्या मॅच आहे.

निळा_चॉक: उंची? क्यूची लांबी? चुकतो तो कुठे, डावीकडे की उजवीकडे?

सरळरेषा: क्यू नेहमीचाच, ५८ इंची. चुकण्याला दिशा नाही, तेच तर दुखणं आहे.

बँकशॉट: क्यू बोटावर आडवा तोला. तोल सापडेल तिथून चार ते सहा इंच मागे धरा. मी वर्षानुवर्षं असंच खेळतोय.

निळा_चॉक: उंची अजून सांगितली नाहीत. बँकशॉट, उंच माणसाचा हात तिथे आखडतो. तोल क्यूचा असतो, हात माणसाचा. टिप, म्हणजे क्यूचं पुढचं टोक, पांढऱ्या बॉलला टेकते त्या क्षणी कोपराखालचा हात सरळ खाली लोंबायला हवा. हात त्याच्या पुढे गेला असेल तर बट (क्यूचा मागचा जाड भाग) वर उचलला जातो आणि टिप खाली जाते. मागे राहिला तर उलट.

बँकशॉट: नवख्याला सुरुवात करायला काहीतरी माप लागतंच ना!

आठ_नंबर: कार्बनचा शाफ्ट (क्यूचा पुढचा बारीक भाग) घ्या, फार फरक पडतो. ब्रेकला, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्याला, मात्र मी हात आणखी मागे नेतो.

निळा_चॉक: ब्रेकचं कुणी विचारलंय?

सरळरेषा: उंची ६ फूट १. भावाला बाजूने व्हिडिओ काढायला लावला. टिप टेकते तेव्हा हात कोपराच्या बराच पुढे असतो. शिवाय मारताना मूठ आवळतोय.

निळा_चॉक: मग दोन इंच मागे सरका, तिथे टेप लावा. मूठ सैल, पक्षी धरल्यासारखी. आवळली की मनगट वळतं आणि टिप बाजूला जाते, म्हणून दिशा ठरत नाही. पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध लांबीला मारा. समोरच्या कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) परत टिपवर आला तर स्ट्रोक सरळ.

सरळरेषा: दहापैकी सहा आले! पण पांढरा बॉल कुशनला चिकटलेला असताना टेपवर हात ठेवून जमतच नाही.

बँकशॉट: तिथे ब्रिज, म्हणजे टेबलावर टेकवलेल्या पुढच्या हातापासून बॉलपर्यंतचं अंतर, आखूड होतो. जितका आखूड, तितका मागचा हात पुढे घ्या. त्या वेळी टेप विसरा.