प्रमाणपत्राची पडताळणी आधी

'पदवी झाली की क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरीचं बघू' असं कुणी म्हणत असेल, तर गोची तिथेच आहे. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे खरं, पण नुसतं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते.

मी खो-खो खेळायचो. प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव गाळलेलं, आडनावही चुकलेलं. दुरुस्तीसाठी संघटनेकडे गेलो तर तेव्हाचे सचिव बदललेले, स्पर्धेचे जुने गुणतक्ते कुणाच्या घरी आहेत ते कुणालाच ठाऊक नाही! आठ महिने गेले, तोवर भरतीची मुदत संपली. तेव्हा कॉलेजात असतानाच स्पर्धेचा प्रवेश अर्ज, संघाची यादी, निकालपत्र यांच्या प्रती सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. आणि हो, प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. माझ्या प्रमाणपत्रावरची शाई त्यातच फुटली.