सासऱ्यांच्या ईसीएचएस कार्डावर सुनेची गर्भारपणातील तपासणी होते का?

प्रश्न (खानापूर तालुका): मला तिसरा महिना लागला आहे. माझे पती सैन्यात असून सध्या सीमेवर आहेत आणि सासरे माजी सैनिक आहेत. त्यांच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावर बेळगावात माझी तपासणी होईल का?

उत्तर १: ताई, होणार नाही. २००३ साली सुरू झालेली ही योजना निवृत्त सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांसाठी आहे, आणि सून त्या यादीत बसत नाही. तुमचा हक्क पतीच्या सेवेतून येतो, म्हणून बेळगाव कॅम्पातील लष्करी रुग्णालयात जावे. मात्र विवाहाची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये (सैनिकाच्या वैयक्तिक व कौटुंबिक नोंदींचा लष्करी आदेश) झाली आहे का, हे पतींना युनिटच्या कार्यालयात आजच विचारायला सांगा, कारण ती नसेल तर अवलंबित कार्ड मिळत नाही. माझ्या लेकीची नोंद राहून गेली होती आणि पहिले तीन महिने आम्हाला खासगी दवाखान्यात पदरचे पैसे भरावे लागले, याची आजही हळहळ वाटते.

उत्तर २: कागद होईपर्यंत तपासणी थांबवू नका. आशाताईंकडून सरकारी ‘तायी कार्ड’ (गरोदर मातेच्या तपासण्यांच्या नोंदींचे कार्ड) काढून घ्या. ते कन्नडमध्ये असते, पण त्या समजावून देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासणी असते. तेथील सर्व अहवाल जपून ठेवा, म्हणजे लष्करी डॉक्टरांना आधीची माहिती मिळेल.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. यांचा फोन येताच नोंदीचे विचारते.