जुना सोर्स कोड : उडवायचा की सांभाळायचा?

गोदाकाठचा
अंबडच्या आमच्या युनिटमधला डिझाइनचा पीसी उबुंटू लिनक्सवर चालतो. एसएसडी १२० जीबीची आणि ती काठोकाठ भरलीय. उघडून बघितलं तर बराचसा पसारा सोर्स कोडचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ लिखाणाचा: कधीतरी सोडवलेले टारबॉल (सोर्सचे गठ्ठे), कंपाइलनंतर (सोर्सचा चालता प्रोग्रॅम बनवल्यावर) तशाच पडलेल्या ऑब्जेक्ट फाइली, जुन्या कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर, वेब प्रोजेक्टांचे नोड मॉड्यूल्स (नेटवरून उतरवलेले तयार तुकडे). माझं मत सरळ आहे. प्रोग्रॅम बसला, चालतोय, मग त्याचा सोर्स कशाला हवा? नेटवरून परत उतरवता येतं ते सगळं उडवा. पटत नसेल तर बोला.

सातपूर_लेथ
अजिबात पटत नाही. यूएसआरमधल्या एसआरसी फोल्डरमध्ये डीकेएमएसचा, म्हणजे ड्रायव्हर आपोआप नव्याने बांधणाऱ्या सोयीचा, माल असतो. एनव्हिडिया, व्हर्च्युअलबॉक्स, काही वायफाय डोंगल यांची मॉड्यूल्स कर्नल बदलला की तिथल्याच सोर्सवरून नव्याने बांधली जातात. फोल्डर हाताने उडवलंत तर आज काहीच बिघडणार नाही. पुढच्या अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट होईल आणि वायफाय गुल. तोवर काय उडवलं होतं ते कुणाच्या लक्षात असतं?

गोदाकाठचा
तिथे हात घाला असं मी कुठे म्हटलं? जुन्या कर्नलसाठी एपीटीचं (पॅकेज बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमचं) ऑटोरिमूव्ह आहे की.

सातपूर_लेथ
"सगळं उडवा" हे शब्द तुमचेच आहेत, दादा.

पंचवटी_रूट
दोघेही भलत्या टोकाला चाललात. फाइल लागते की नाही हे नंतर बघू, आधी ती तिथे ठेवली कोणी ते विचारा. डीपीकेजी डॅश मोठा एस आणि पुढे फाइलचा पाथ दिला की कुठल्या पॅकेजची ते कळतं. पॅकेजची निघाली तर ती एपीटीनेच काढायची, थेट फाइल उडवणारा आरएम वापरायचा नाही. युनेम डॅश आर जो चालू कर्नल दाखवेल तो आणि त्याच्या आधीचा एक, एवढे राहू द्या. एपीटी क्लीन खुशाल मारा, त्यात नुसत्या उतरवलेल्या डेब (पॅकेजच्या) फाइली जातात.

खरी गोम स्वतः कंपाइल केलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे. मेक अनइन्स्टॉल (बसवलेलं काढायची आज्ञा) चालतं ते त्याच सोर्स फोल्डरमधून, आणि तेही लिहिणाऱ्याने मेकफाइलीत (बांधणीच्या सूचनांच्या फाइलीत) सोय ठेवली असेल तर. टारबॉल आणि फोल्डर दोन्ही गेलं की यूएसआर लोकलमध्ये पांगलेल्या फाइली एकेक करून वेचत बसा. शिवाय बांधणीआधीचं कॉन्फिगर कुठल्या पर्यायांनी चालवलं होतं ते कॉन्फिग डॉट लॉगच्या सुरुवातीलाच, डॉलरच्या खुणेपुढे लिहिलेलं असतं. तेवढी फाइल तरी बाजूला काढा. नुसत्या ऑब्जेक्ट फाइली घालवायच्या असतील तर मेक क्लीन पुरतं. डिस्टक्लीनने कॉन्फिगरेशनही जातं, लोक इथेच गफलत करतात.

कॉलेजरोड_बॅकबेंचर
नोड मॉड्यूल्सबाबत धागाकर्त्यांशी सहमत. पॅकेज-लॉकची (आवृत्त्यांच्या यादीची) फाइल शाबूत असली की एनपीएम सीआय मारलं, एनपीएम या नेटवरच्या पॅकेज-साठ्यातून सगळं परत येतं. गिट क्लीन (गिट या कोडचे बदल नोंदणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदीत नसलेल्या फाइली उडवणारी आज्ञा) मात्र आधी डॅश एन लावून चालवा, काय जाणार त्याची नुसती यादी येते. आमच्या ग्रुपमधले हुशार सरळ डॅश एफडीएक्स मारतात. एक्स लावला की गिटने दुर्लक्षिलेल्या फाइलीही जातात, म्हणजे पासवर्ड असलेली डॉट ईएनव्ही गेलीच. आणि पुश केलंय (बदल सर्व्हरवर पाठवलेत) म्हणून अख्खं रेपो (गिटचं प्रोजेक्ट फोल्डर) उडवू नका. स्टॅश, म्हणजे तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल, पुशबरोबर जात नाही.

सातपूर_लेथ
"परत येतं" यावर एवढा भरवसा? मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरची बिल्ड (प्रोग्रॅमची बांधणी) अडली. गूगल कोड ही सोर्स ठेवायची साइटही त्याच वर्षी बंद झाली.

गोदाकाठचा
लेफ्ट-पॅड काही तासांत परत आलं आणि गूगल कोडचा आर्काइव्ह राहिला, हेही सांगा ना. तेवढ्यासाठी मी १२० जीबीत संग्रहालय थाटू?

अंबड_पॅनेलवाला
आमच्यासारख्यांना थाटावंच लागतं. मशीनच्या पॅनेलमध्ये लिनक्स घालून आम्ही माल विकतो. कर्नल जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली आहे, त्यात माल घेणाऱ्याला सोर्स द्यावा लागतो. मालाबरोबर सोर्स दिला नाही आणि "मागाल तेव्हा देऊ" असं लेखी दिलं, तर ती हमी किमान ३ वर्षांची लागते. आणि द्यायचा तो त्या पॅनेलमध्ये गेलेल्या कर्नलचाच, आमच्या बदलांसकट. नेटवरचा ताजा कर्नल देऊन भागत नाही. घरच्या पीसीवर काय वाट्टेल ते उडवा, पण माल बाहेर पाठवणाऱ्या युनिटमध्ये हा निर्णय डिझाइनवाल्याने एकट्याने घ्यायचा नाही.

गोदाकाठचा
आम्ही फक्त ड्रॉइंग पाठवतो, ती भानगड नाही. ठीक, एपीटी क्लीन आणि नोड मॉड्यूल्स आजच काढतो. स्वतः बांधलेलं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवतो. पण सोर्स कायम मशीनवर ठेवायचा हे मला अजूनही पटलेलं नाही.

पंचवटी_रूट
हलवायच्या आधी एक बघा. सीमेक या बांधणीच्या साधनाचं बिल्ड फोल्डर दुसरीकडे नेऊन पुन्हा चालवलं की त्याची कॅश (साठवलेली माहिती) जुन्या पाथवरून अडून बसते. त्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल मॅनिफेस्ट नावाची टेक्स्ट फाइल असते, कुठली फाइल कुठे बसवली त्याची यादी. ती पीसीवरच ठेवा.